धाकटीने विचारलेला प्रश्न

आमच्या कार्यालयात तिला सगळे मासेबाई म्हणायचे. धरण, बोगदा, मोठा रस्ता असं काही बांधायचं ठरलं, की त्याने आसपासच्या निसर्गाचं काय होईल याचा अहवाल आमची कंपनी तयार करायची. त्यात नकाशे माझे आणि माशांचं प्रकरण तिचं. आमची टेबलं समोरासमोर होती, त्यामुळे तिचा राग मला तोंडपाठ झाला होता.

त्या वर्षी राग होता सख्ख्या धाकट्या बहिणीवर.

धाकटीचं नदीकाठच्या गावात केस कापायचं दुकान होतं. शाळेत विज्ञान म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं आणि तिचा गृहपाठ मासेबाईच करून द्यायची. त्याच नदीवर विजेसाठी धरण बांधायचं ठरलं, गावात विरोध समिती झाली, आणि बोलायला कोण, तर धाकटी! बघता बघता तिचे फोटो छापून यायला लागले.

"नदी वाचवणारी म्हणे!" मासेबाई फणकारायची. "माशाला कल्ले कुठे असतात, विचारा तिला. आणि आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेपर दाखवत फिरते. मी डॉक्टरेट मिळवली तेव्हा आईने फक्त विचारलं होतं, आता तरी वेळेवर जेवशील ना?"

त्यात तिचं दुसरंही एक दुखणं होतं. धरणाच्या अहवालासाठी नदीतल्या माशांची पाहणी फक्त कोरड्या दिवसांत झाली होती. काही मासे नदीला पाणी चढलं की खालून वर येतात आणि वरच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. कोरड्या दिवसांत ते तिथे दिसणारच नाहीत. पाणी चढेपर्यंत थांबू या, म्हणून ती साहेबांशी भांडली होती. साहेब म्हणाले, "वेळ नाही. जे दिसलं ते लिहा." तिने मुकाट्याने लिहिलं: स्थलांतर करणारे मासे आढळले नाहीत.

जनसुनावणी गावातल्या सभागृहात झाली. मंचावर अध्यक्षबाई, त्यांच्या एका बाजूला आमचे साहेब, मासेबाई आणि मी. समोर गच्च भरलेल्या खुर्च्या. धाकटी उठली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून तोंड उघडलं नव्हतं तिने! मासेबाईचा चेहरा आंबट झाला.

"माझा एकच प्रश्न आहे," धाकटी शांतपणे म्हणाली. "पाहुणे पावसाळ्यात येतात आणि तुम्ही उन्हाळ्यात दार उघडून बघता. मग घरात कुणी येत नाही, असं कसं लिहिता? पाणी चढल्यावर नदीत कोण येतं, ते पाहिलंत का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली.

मासेबाई माझ्या कानाशी कुजबुजली, "हे माझं वाक्य आहे. पाहुण्यांसकट! आईकडे जेवताना मी वैतागून बोलले होते. ही तेव्हा माना डोलवत होती."

साहेब उत्तर द्यायला सरसावले. "आमची पाहणी पूर्णपणे शास्त्रीय..."

तेवढ्यात मासेबाई ताडकन उभी राहिली.

"हा प्रश्न तिचा नाही!" ती ओरडलीच. "माझा आहे. तिच्या कितीतरी आधी मी तो कार्यालयात विचारला होता. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे पाणी चढल्यावर पाहणी झालीच नाही?"

आपण काय बोलून बसलो, ते मासेबाईला तेव्हा उमगलं. तिचे कान लाल झाले. पण मागे फिरायला वाट नव्हती, आणि समोर धाकटी बघत होती.

"नाही झाली," ती म्हणाली. "मासे आढळले नाहीत हे खरं. पण ते येत नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. येत असावेत असंच मला वाटतं."

सुनावणी तहकूब झाली. वर्षभराची पाहणी नव्याने करा, तीही दुसऱ्या संस्थेकडून, असा आदेश निघाला. साहेबांनी मासेबाईकडून राजीनामा मागून घेतला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात धाकटीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: कंपनीच्या एका कर्मचारी महिलेनेही दुजोरा दिला.

"दुजोरा!" मासेबाईने पेपर भिरकावला.

मी तिचं कार्यालयातलं सामान पोचवायला तिच्या घरी गेलो होतो, तेव्हा धाकटी तिथेच होती. डोळे रडून सुजलेले.

"ताई, तू सांगितलंस म्हणून मला कळलं, हे मी मुद्दामच लपवलं गं. तुझी नोकरी गेली असती."

"म्हणजे चांगुलपणातही तूच पुढे?" मासेबाई म्हणाली आणि रडता रडता हसू लागली. धाकटीलाही हसू आलं. पण मासेबाईने तिला चहा विचारला नाही. मीच केला.

पुढे नव्या पाहणीत मासे सापडले. धरण अजून झालेलं नाही, रद्दही झालेलं नाही, वाद चालूच आहे. मासेबाई आता कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात पुन्हा सुनावणी झाली. या वेळी ती गावकऱ्यांच्या बाजूने बोलणार होती. दारं उघडायच्या आधीच ती रांगेत जाऊन उभी होती, म्हणजे वक्त्यांच्या यादीत तिचं नाव धाकटीच्या वर लागावं.