बबनकाकाचा अडकलेला ब्रेक

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो.

आमच्या शहापूरच्या स्टँडवर डोळखांबची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरेपर्यंत ड्रायव्हरला तोंडाशिवाय दुसरं काही चालवता येत नाही. त्यामुळे किस्से साठतात. पण हल्ली ते सांगताना हसू कमी आणि संताप जास्त येतो.

पहिला माझाच. सासूबाईंच्या पोटात कळा यायला लागल्या, म्हणून डोळखांबहून त्यांना घेऊन निघालो. डोक्यात एकच, दवाखाना गाठायचा. शेणव्याचा थांबा आला आणि पाय गपकन ब्रेकवर! मान बाहेर काढून मी ओरडतोय, "शहापूर, शहापूर! चला, दोन शीट बाकी!" दोघं चढलेसुद्धा. सापगावला पुन्हा तेच!

मागून सासूबाई कण्हत म्हणाल्या, "जावयबापू, मला डाक्टरकडं नेताय का पॅशिंजर भरताय?"

पायाने ठरवलं, मला नंतर कळलं. स्टँड पोट धरून हसला. मला कुणी नाटकी म्हटलं नाही.

बबनकाकाला म्हणतात!

बबनकाका आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. निम्म्या स्टँडला गाडी त्याने शिकवली. कंपवात झाल्यापासून स्टिअरिंग सुटलं, पण रोज सकाळी येऊन बाकड्यावर बसतो. त्याचे पाय दारात अडकतात. एकदा हॉटेलच्या उंबऱ्यात असा खिळला की आतले आत आणि बाहेरचे बाहेर! हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "काका, नाटक झकास! तिकीट लावू काय?" सगळे हसले. काकाही हसला असता, पण त्या आजारात चेहराही हलत नाही.

मी आणि त्याचा मुलगा सुनील त्याला मुरबाडच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. सुनीलचीही स्टँडवर जीप आहे. आम्ही ड्रायव्हर म्हटल्यावर डॉक्टरांनी आमच्या भाषेत सांगितलं. "डोक्यात एका वेळी दहा हालचाली 'मी, मी' करत असतात. मेंदू सगळ्यांवर ब्रेक दाबून ठेवतो आणि हवी तिचाच सोडतो. यांचा ब्रेक सुटत नाही. गोळीने सुटतो थोडा. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

सुनील म्हणाला, "जेवायच्या टाइमाला बरा सुटतो!"

मी त्याला तिथून बाहेर काढला. नाहीतर माझ्या हाताचा ब्रेक सुटला असता!

मग स्टँडवर गाड्या लावायला पांढरे पट्टे मारले. काका त्या पट्ट्यांवरून एकेक पाऊल टाकत नवरदेवासारखा चालत गेला! डॉक्टर म्हणालेच होते, समोर रेघ दिसली, नाहीतर एकदम संकट आलं, की कधीकधी पाय उचलतात. पण स्टँडचा निकाल ठरलेला. "बघा, मनात आलं की चालतो!"

सुनील म्हणाला, "आता गोळ्या बंद. नाटकाला औषध कशाला?"

मी म्हटलं, "अरे, लहानपणी तू चालताना पडायचास, तेव्हा बाप तुला नाटक्या म्हणाला होता काय रे?"

"तुमी मधी पडू नका!"

आणि आता ही गोष्ट. आमचा स्टँड उतारावर. इथे हँडब्रेक नुसता दाखवायला, खरा ब्रेक म्हणजे चाकामागचा दगड. सुनील दगड न लावताच चहाला गेला. जीपमध्ये बाजार करून आलेल्या बायका. जीप हळूच मागे घरंगळायला लागली, खाली मोठा रस्ता! आम्ही धट्टेकट्टे ड्रायव्हर तोंड उघडं टाकून जागच्या जागी. आमच्या दहाच्या दहा हालचाली 'मी, मी' करत राहिल्या.

बबनकाका उठला. दगड उचलला. आणि पळाला! मागे बिबट्या लागल्यासारखा पळाला, चाकामागे दगड सारला. गाडी थडकून थांबली. काका सरळ झाला, आणि तिथेच खिळला. एक पाय पुढे, चेहरा कोरा.

सुनील चहाचा ग्लास घेऊन धावत आला. बापाकडे पाहून त्याचे डोळे भरले. संध्याकाळी तोच मुरबाडला जाऊन गोळ्या घेऊन आला.

ही ती जागा. डोळे भरले नाहीत. मुरबाडला मी गेलो. सुनीलने दगड पाहिला, बाप पाहिला, चहाचा घोट घेतला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला,

"बघितलंत? आता सोडा अजून एक गाडी उतारावर, म्हातारा पळत घरी येतो का नाय बघा!"