भाचीची विझलेली दीर्घिका

माईक हातात आला की माझं वजन पाच किलोंनी कमी होतं, असं माझी बायको म्हणते. खरं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण पंचक्रोशीत माझी ओळख वेगळी आहे. साखरपुडा असो, निवृत्तीचा समारंभ असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. एकदा मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही मी लोकांना हसवलं होतं आणि मग घरच्यांची माफी मागितली होती. त्या माफीलाही लोक हसले.

तर ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीची. भाची पुण्याला खगोलशास्त्रात संशोधन करते. तीन वर्षं झाली, पण पोरगी नेमकं काय करते हे ताईला सांगता येत नाही. कोणी विचारलं की ताई म्हणते, "चांदण्याचं काहीतरी करून राह्यली." आणि विषय बदलते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात भाची आठ दिवस घरी आली. आमचं गाव जानेफळपासून जवळच. गावातल्या बुद्धविहाराच्या मंडळानं विहारातच तिचं व्याख्यान ठेवलं, दुपारी तीन वाजता. पडद्यावर चित्रं दाखवायला अंधार हवा म्हणून ताईनं स्वतः शिवलेल्या सात गोधड्या आणून खिडक्यांना लावल्या.

आदल्या संध्याकाळी अंगणात भाचीनं मला सगळं समजावून सांगितलं. विश्व अगदी कोवळं होतं तेव्हाच्या काही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अवाढव्य गावं, आहेत. बाकीच्या नुकत्या कुठे तारे घडवायला लागल्या होत्या, तेवढ्यात ह्यांनी घाईघाईनं ढीगभर तारे घडवले आणि एकदम थांबल्या. निळे, तापट तारे लवकर मरून गेले. लाल, म्हातारे तेवढे उरले.

"काऊन थांबल्या?" मी विचारलं.

"तेच तर शोधून राह्यलो आम्ही. एक संशय आहे. गॅस संपला नव्हता, मामा. मधात जे कृष्णविवर बसलेलं असते, ते खाता खाता इतका जोर करते, की बाकीचा गॅस तापते नाहीतर बाहेर फेकल्या जाते. मग नवीन तारा कशाचा बनन?"

मग ती हळूच म्हणाली, "उद्या बाकी कोनाले समजो ना समजो. मायले समजलं पाह्यजे."

मला आनंद झाला आणि पोटात दुखलं, दोन्ही एकाच जागी. मीसुद्धा एकेकाळी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेलो होतो. वर्षभरात परत आलो. का आलो, हे गावानं कधी विचारलं नाही, कारण तोवर मी विनोद सांगायला लागलो होतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्या गावात त्या दिवसांत भारनियमनामुळे रोज संध्याकाळी पाचला लाईन जायची. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. विहारात इन्व्हर्टर नाही.

आपल्याकडे व्याख्यानाआधी सत्कार असतात. कोणाला वगळलं तर तो वर्षभर बोलत नाही. मी अकरा सत्कार केले. शाल, गुलाब, दोन शब्द. गुलाब संपले तेव्हा पहिल्या सत्कारमूर्तीचा परत मागून घेतला. हशा! मग मी वक्त्याचा परिचय सुरू केला. चार वर्षांची असताना ही पोरगी विहिरीत पडलेला चंद्र बादलीनं काढायला निघाली होती, तो किस्सा सांगितला. असं काही घडलं नव्हतं. मी तो तिथंच, उभ्या उभ्या रचला. ताई पदरानं डोळे पुसत होती. लोक म्हणत होते, "अजून येऊ द्या, सर!"

घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं, दारावर. सव्वाचार. साडेचार. पावणेपाच. मी ते प्रत्येक वेळी पाहिलं.

पाचला आठ कमी असताना भाची उठली. जवळ येऊन तिनं हळू विचारलं, "मामा, किती वेळ आहे?"

"बोल बेटा, बिनधास्त."

तिनं पडद्यावर एक चित्र लावलं. काळ्यात एक लाल टिकली. म्हणाली, "माय, हे पाह्य. मी रोज हेच पाह्यतो." ताई पुढे सरकली. भाची सावकाश, एकेक शब्द आईच्या हातात ठेवल्यासारखी बोलत गेली. तारे, घाई, थांबणं. मग म्हणाली, "गॅस संपला नव्हता. मधात जे बसलेलं होतं, त्यानं..."

लाईन गेली.

"अबे, पाच वाजले!" अंधारात कोणीतरी ओरडलं. खुर्च्या सरकल्या. कोणाला म्हशी आठवल्या, कोणाला चहा. भाचीनं दोन वाक्यं मोठ्यानं बोलून पाहिली, पण तिच्या आवाजाला माझ्यासारखी सवय नाही. अध्यक्षांनी तेवढ्यात दारातूनच आभार मानून टाकले, "सरांनी लय रंगत आणली!"

ताई गोधड्या काढायला लागली. "भाऊ, किती गोड बोलला रे तू तिच्याबद्दल. मले रडूच आलं." मग घडी घालता घालता म्हणाली, "पन ते लाल टिकली कायची होती?"

गोधडीचं दुसरं टोक भाचीच्या हातात होतं. तिनं घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी जानेफळच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहताना ती म्हणाली, "मामा, पाचले लाईन जाते हे तुमाले माहीत होतं." तो प्रश्न नव्हता. मी एक विनोद केला. चांगला होता, आजही मी तो कार्यक्रमात वापरतो. ती हसली नाही.

त्यानंतर ती घरी येते, राहते, जाते. मंडळानं पुन्हा विचारलं, तर नको म्हणाली.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "भाऊ, पोरीले बाहेरदेशी बोलावलं म्हने, तिच्या कामासाठी. ते करते काय रे नेमकं? बाया इचारून राह्यल्या."

"ताई, तिलेच इचार ना."

"इचारलं. म्हने, मामालेच इचार, ते लय भारी सांगतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग ना रे," ताई म्हणाली. "मी फोन स्पीकरवर लावते. बाया बसल्या आहेत इथं."

पलीकडून बांगड्यांचे आवाज आले, कुजबुज, मग शांतता.

माईक हातात आल्यावर करतो तसा मी घसा साफ केला.