युट्रेख्टच्या छोट्या जंगलात मी झाडलोट केली

एप्रिलमध्ये आमचे हे कोविडने गेले. लेकीने परदेशातून, युट्रेख्टहून, अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. मीही काय पाहिलं? चेन लावलेली पिशवी, दहा पावलांवरून. नोव्हेंबरात लेकीकडे निघाले. आपल्या माणसाला भेटायला किती कागद लागावेत! लसीचं प्रमाणपत्र, चाचणी, फॉर्म. जाणार असाल तर सगळं छापून न्या. फोन ऐन रांगेत मान टाकतो.

विमानतळाहून युट्रेख्ट ट्रेनने अर्धा तास. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट घ्या. दुपारी इथे ब्रेडवर चीज ठेवतात आणि त्याला जेवण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची नात ईरा मला शाळेमागचं जंगल दाखवायला घेऊन गेली. जंगल कसलं, टेनिस कोर्टाएवढा तुकडा! प्रवेश फुकट, फाटक उघडंच. पण आत ओक, बर्च, हेझल अशी खेटून लावलेली की उजेडासाठी चढाओढ. दोन वर्षांपूर्वी तिथे नुसतं गवत होतं. नगरपालिकेने जागा दिली, वस्तीने खड्डे खणले, प्रत्येक मुलाने एक रोप लावलं. ईराचं हेझल माझ्या खांद्याला लागत होतं. त्यावर पाटी होती: ‘आजोबा’. एप्रिलनंतर तिने लावलेली.



तिसऱ्या दिवशी एकटीच गेले. ह्यांच्या नावाच्या झाडाखाली कुजक्या पानांचा थर! लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या अंगणात वाळकं पान दिसलं तर सिस्टर रांगेबाहेर उभं करायच्या. लेकीच्या शेडमधलं दाताळं आणलं, जमीन लख्ख केली, पानं तीन पिशव्यांत बांधली.

शाळा सुटल्यावर ईरा किंचाळली, “आजी! व्हॉट डिड यू डू?”

त्या आठवड्यात जंगल सांभाळायची पाळी शेजारच्या व्हिम यांची होती. निवृत्त बसचालक. दीड मीटर लांब उभे राहून इंग्रजीत म्हणाले, “बाई, तुम्ही जंगलच पिशवीत भरलंत.”

“मी कचरा काढला.”

“त्यात गांडुळं आहेत, बुरशी आहे, या झाडांचं पुढचं जेवण आहे. आज रात्री पाणी गोठेल आणि मुळं उघडी पडलीत. हे झाड तग धरेल का, सांगता येत नाही.”

“तशी पाटी लावायची होती.”

“जंगलात कोणी झाडलोट करायला येईल असं वाटलं नव्हतं.”

असं तोंडावर बोलणारं फार दिवसांत कोणी भेटलं नव्हतं. घरी ते काम ह्यांचं होतं.

मी पिशव्यांच्या गाठी सोडल्या. व्हिमनी हातमोजे पुढे केले. मी नको म्हटलं. पुण्यात मला ह्यांना हात लावू दिला नव्हता. ईरा आणि मी गुडघ्यांवर बसून ओंजळी-ओंजळीने ती गार, ओली पानं परत घातली. शेवटची ओंजळ खोडाशी दाबून मी तशीच बसून राहिले. ईराने घाई केली नाही.

आता पुण्यात आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगमागच्या मोकळ्या जमिनीच्या पट्टीतली पानं जाळतात, आणि तिथे फरशी घालायचं चाललंय. मी कमिटीला लिहून दिलं: तिथे जंगल लावू.

सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, पानं पडतील. झाडणार कोण?”

“कोणीही नाही,” मी म्हटलं.

मार्चमध्ये ईराने फोटो पाठवला: ‘आजोबा’ला कोंब फुटलेत. तो मी सेक्रेटरींना पाठवला. पट्टीतली पानं यंदा जळली नाहीत. रोज सकाळी झाडूवाला यायच्या आधी मी तिथे खुर्ची टाकून बसते.