युगांडाला निघालेली ओटी

माझी उभी नोकरी चाकणच्या कंपनीत पॅकिंग खात्यात गेली. मी बांधलेली पेटी कधी वाटेत फुटली नाही की परत आली नाही. त्यामुळे लेकीनं युगांडाहून फोन करून पार्सल मागितलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "हे माझ्यावर सोड!"

जावई तिथल्या साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. लेकीनं शेजारच्या गावातल्या बायकांना जमवून शिवणकाम सुरू केलंय. पोरांची दप्तरं, झबली, मुलींसाठी धुऊन वापरायचे पॅड असलं काय काय. मशिनी मिळाल्या, पण कापड विकत घेणं झेपत नाही. "बाबा, आईच्या कपाटात ब्लाऊज पीस पडलेत ना? सुती तेवढे पाठवा."

पडलेत म्हणजे काय, चळतच होती. आपल्याकडे ब्लाऊज पीस शिवायला नसतोच, पुढे द्यायला असतो. हळदीकुंकवाला आलेला बारशाला जातो. ज्या घरून आला त्या घरी परत जाऊ नये, एवढंच बायको कटाक्षानं पाळायची. ती गेली आणि आमच्या कपाटातली ये-जा थांबली.

तेवढ्यावर भागवीन तर मी कसला! बिल्डिंगभर हिंडलो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी गठ्ठा आणून ठेवला, तर त्यात एक पोपटी पीस. कोपऱ्यावर चहाचा डाग. तो चहा मीच सांडला होता आणि डाग आत दुमडून बायकोनं तो पीस कुणालातरी खपवला होता.

"वहिनी, हा आमच्याकडचा."

"असेल. मला नणंदेनं दिला. तिला कुणी दिला, देव जाणे."

बायको जाऊन दोन वर्षं झाली आणि तिचा पीस अजून संत तुकाराम नगरात घरोघरी फिरत होता. मी तो नुसताच हातात धरून बसलो. वहिनींनी न विचारता चहा टाकला.

आता खरं सांगतो. मला त्या पार्सलाची एवढी घाई कापडासाठी नव्हती. लेक वर्षश्राद्धाला आली होती. परत निघाली तेव्हा मी तिला बाकरवडी दिली, लोणचं दिलं, बॅगेचं वजनसुद्धा करून दिलं. टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि आठवलं, पोरीची ओटी भरायची राहिली. दर वेळी तिची आई भरायची. त्या दिवशी पोर दारात उगाच जराशी थांबली होती. मला वाटलं, चप्पल सापडत नाही. मी वाकून चप्पल शोधत होतो, राव!

तेव्हा या खेपेला चूक सुधारायचीच, असं ठरवलं. तिच्यासाठी आईनं ठेवलेला मोरपंखी पीस काढला, घडीत तांदूळ, हळकुंड, सुपारी ठेवली, वर हळदीकुंकू. मग वाटलं, तिथल्या बायकांनी काय पाप केलंय? त्यांना रिकामे पीस का? म्हणून एकूण एक घडीत मूठभर तांदूळ भरले आणि कंपनीत बांधायचो तशी पेटी बांधली.

पिंपरी कॅम्पातल्या कुरिअरवाल्यानं पेटी उघडायला लावली. पहिल्याच घडीतून टेबलभर तांदूळ.

"काका, हे काय?"

"ओटी आहे. रिकामा पीस देत नाहीत, भाऊ."

"ते मला कळतं हो, पण तिकडच्या कस्टमवाल्याला कोण सांगणार? धान्य दिसलं की पेटी अडकली. काढा सगळं."

"सगळं?"

"सगळं. आणि बाहेर पायरीवर झटका, इथं नको."

उभा जन्म पॅकिंगमध्ये घालवलेला माणूस भर बाजारात पायरीवर बसून स्वतःची पेटी सोडत होता. कबुतरांची मात्र चंगळ झाली. मोरपंखी पीस सगळ्यात शेवटी झटकला.

पेटी पोचली. बायकांचा फोटो आला, सगळ्यांच्या हातात कापड आणि तोंडभर हसू. मग लेकीचा फोन.

"मोरपंखी पिसावर हळद आहे. धुतली तरी जाईना."

"अगं, ते जरा सांडलं..."

"बाबा, ओटी भरली होतीत ना?"

ती आईसारखीच खूप हसली.

"पार्सलनं नसते भरत हो," शेवटी म्हणाली. "मी पाटावर बसायला हवी. खालच्या काकू भरतील, तुम्ही ताट धरा."

"मग ये की."

"येते. याचा गाळपाचा सीझन संपला की लगेच."

आपल्याकडे उन्हाळ्यात कारखाने थंड पडतात. तिकडे ऊस बारमाही, गाळप थांबत नाही. हे जावयानंच मला लग्न ठरताना अभिमानानं सांगितलं होतं. "वा, म्हणजे नोकरी पक्की!" असं म्हणून मीच त्याची पाठ थोपटली होती.

"बरं," मी म्हणालो, "सीझन संपला की ये."

पोपटी पीस मी पेटीत घातलाच नव्हता. तो घडी करून, तांदूळ-सुपारी घालून कपाटात ठेवलाय. त्यातले तांदूळ तेवढे अधूनमधून बदलावे लागतात. किडे होतात.