सात जणांच्या भाकरी परत आल्या

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका कच्च्या कैद्याच्या मृत्यूचे प्रकरण मात्र मनातून जात नाही. गोष्ट बारामती-इंदापूर भागातली. कोठडी नेमक्या कोणत्या कचेरीतली ते सांगत नाही आणि नावेही कोणाची घेत नाही. माणसे गेली, पण त्यांची नातवंडे तिथे नांदत आहेत.

कायदेभंगाच्या चळवळीने मोठे तुरुंग भरले होते, त्यामुळे साध्या चोरीचे आरोपीसुद्धा तालुक्याच्या कोठडीत महिनोन् महिने पडून राहत. चौघांच्या खोलीत सात जण, वर पत्रा, आणि वैशाख. त्यातला निरवांगीकडचा एक मजूर मेला. गुऱ्हाळावरची रस कढवायची काहील चोरल्याचा त्याच्यावर संशय होता, खटला अजून उभाही राहिला नव्हता. पंचनामा झाला, कागदावर ‘तापाने मृत्यू’ असे लिहिले गेले, आणि प्रेत भावाच्या ताब्यात दिले. मी तेव्हा बारामतीला फौजदार होतो. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना सणसरचे एक बागाईतदार आले. साठीचे, अंगाने आडवे, सगळे त्यांना आबा म्हणत. सरकारने त्यांना तुरुंगाचे बिनसरकारी व्हिजिटर नेमले होते. महिन्यातून एकदा कोठडी बघायची, कैद्यांना तक्रार विचारायची आणि तिथल्या शेरेबुकात लिहायचे, एवढे त्यांचे काम. अशी नेमणूक बहुतेक जण मिरवण्यासाठी घेत. आबा मात्र खरोखर कोठडीत जाऊन खाली बसत, म्हणून आम्हा पोलिसांना त्यांचा कंटाळा होता. मलाही होता.

त्यांनी एक घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. कलेक्टरसाहेबांना त्यांनी थेट लिहिले होते, आणि फेरचौकशीचा हुकूम माझ्या नावे निघाला होता. जबाब आबांच्या समक्ष घ्यावेत, असेही त्यात होते.

“आबा, माणूस तापाने गेला. डॉक्टरांचा दाखला आहे,” मी म्हणालो.

“दाखला आसंल. पर कैद्यांच्या भाकरी थापणारी बाई काय म्हनती ऐका. सलग दोन दिस टोपली जशीच्या तशी म्हागारी आली. ताप एकाला, आन् भाकरी सात जणांच्या परत? सात जणांना येकदम ताप आला व्हय?”

पाण्यावाचून कोरडी भाकरी भुकेल्या माणसाच्या घशाखाली का उतरत नाही, हे ज्याने उन्हात पायपीट केली आहे त्याला सांगावे लागत नाही.

“आनि दुसरं,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “म्हागल्या खेपंला त्यानंच मला सांगितलं व्हतं, माठ दिसातनं येकदाच भरत्यात म्हणून. मी शेरेबुकात त्याच्या नावानिशी लिवलं. त्ये बुक हवालदाराच्याच ताब्यात आसतंय. त्यो माझ्याशी बोलला म्हणून मेला, फौजदारसाहेब.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. इथे मी पहिली चूक केली. रीतीप्रमाणे आदल्या दिवशीच चिठ्ठी धाडली: उद्या येतो, तजवीज ठेवा. तजवीज उत्तम ठेवली होती. भिंतींना ताजा चुना, जमीन सारवलेली, कोपऱ्यात दोन नवेकोरे माठ काठोकाठ भरलेले. पहाऱ्याचा हवालदार कडक सलाम ठोकून दारातच उभा राहिला. चौकशीला सामोरा जाणारा माणूस थोडा तरी चाचरतो. हा अगदी निर्धास्त होता, आणि ते मला खटकले.

सहा कैदी रांगेत उभे होते. मी विचारले, मयताला काय झाले होते?

“ताप व्हता साहेब. डोकं धरून बसला, मंग आडवा झाला.”

दुसरा तेच म्हणाला. तिसराही. सहाव्यापर्यंत डोकं धरून बसणे आणि आडवे होणे, शब्दाचाही फरक नाही. मी जबाब घेऊन बाहेर आलो तेव्हा आबा रागाने लाल झाले होते.

“सहा जण बोललं व्हय तुमच्या म्होरं? येकच बोलला, सहा तोंडांनी. त्या हवालदाराच्या देखत इचारून काय मिळणार?”

एका बागाईतदाराने माझे काम मला शिकवावे याची चीड आली. पण त्यांचे खरे होते, आणि चिडण्यात दिवस घालवायला सवड नव्हती. सहांपैकी कोणी बोलला आणि मी परत गेलो, तर तो त्याच हवालदाराच्या हाती राहणार होता. एकाला वेगळा बोलावला तरी तोच बोलला असे ठरणार. म्हणून मी माझे दोन शिपाई कोठडीच्या दारावर लावले, हवालदाराला बाहेरच्या फाटकापाशी बसवले, आणि कचेरीच्या मागच्या दप्तरखोलीत एकेकाला नेऊ लागलो. घड्याळ लावून प्रत्येकाला वीस मिनिटे. कोणी तोंड उघडो न उघडो, वेळ सारखाच. बाहेरून बघणाऱ्याला कोण बोलला ते कळता कामा नये.

पहिल्या तिघांनी पुन्हा तेच, डोकं धरून बसला आणि आडवा झाला, असे सांगितले. उरलेला वेळ आम्ही नुसते एकमेकांकडे बघत काढला. चौथा लोणी देवकरकडचा, साखळदंड चोरल्याच्या आरोपावरून आत आलेला, चाळिशीचा, हाडकुळा माणूस. तो म्हणाला,

“साहेब, तुमी सांजच्याला बारामतीला जानार. आबा त्यांच्या मळ्यात जानार. मी कुठं जानार?”

कैदी हलवायचा अधिकार मामलेदारांचा, आणि ते लोणी देवकरला मुक्कामी होते. त्याला मी तसेच सांगितले. खोटा दिलासा दिला असता तर तो त्याने लगेच ओळखला असता.

“मग आधी त्यो कागुद आना. मग बोलतो.”

मी अर्ज लिहिला आणि एका शिपायाला सायकलवर पिटाळले. उरलेल्या दोघांनाही वीस-वीस मिनिटे बसवले. मग सहाही जणांना अंगणातल्या लिंबाखाली आणून बसवले, आणि मी आणि आबा मध्ये बसलो. हवालदार फाटकापाशी येरझारा घालत होता. एकदा त्याने विचारले, “साहेब, कैद्यांची आत जायची वेळ झाली, घालू का?” मी नाही म्हटले. पुन्हा विचारले तेव्हा त्याचा स्वर बदललेला होता. हुकूम आला नाही तर या माणसांना मला आत घालावेच लागणार होते.

चारच्या सुमाराला शिपाई घामाने निथळत आला. सहाही जणांना बारामतीला हलवण्याचा हुकूम होता. मी तो कागद चौथ्या कैद्याला पुन्हा दप्तरखोलीत नेऊन आबांसमक्ष वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावले. मग तो बोलू लागला, आणि मी लिहू लागलो.

शेरेबुक वाचून हवालदाराने रविवारी माठ बाहेर काढला. ‘पाण्याची तक्रार हाय न्हवं? आता पाणीच न्हाय,’ असे म्हणाला. कैद्यांनी दार वाजवले, ओरडले. मजूर आधीच अशक्त होता, सोमवारी बरळू लागला. मंगळवारी त्याची जीभ बाहेर आली. बुधवारी पहाटे गेला, आणि मग माठ आत आला.

“मंगळवारी दुपारी येक फौजदार आलं व्हतं कचेरीत,” तो म्हणाला. “त्वांड न्हाय दिसलं, घोड्याचा आवाज आला, आन् हवालदारानं ‘फौजदारसाहेब, पानी घ्या’ म्हनलेलं ऐकू आलं. आमाला वाटलं सुटलो. समद्यांनी पानी पानी म्हणून आरडा केला. त्यांनी वट्यावर बसून पानी पिलं. इचारलं, ह्यो कसला गलका? हवालदार म्हनलं, येक याडा हाय आत. त्ये गेलं निघून.”

तो पुढे सांगत राहिला आणि मी लिहीत राहिलो. जबाब संपला. मी वाचून दाखवला, आबांपुढे सहीसाठी सरकवला.

आबांनी टाक उचलला नाही. “फौजदारसाहेब, येक गोष्ट ऱ्हायली.”

“कोणती?”

“मंगळवारी फौजदार आलं व्हतं, त्ये तुमी लिवलंच न्हाय.”

“त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही, आबा.”

“आसंल न्हाय तर नसंल. त्यो बोलला, तर लिवलं पायजे. कोन व्हतं त्ये फौजदार?”

त्या मंगळवारी मी निरवांगीच्या यात्रेचा बंदोबस्त उरकून परत येत होतो. वाटेत त्या कचेरीत थांबलो. हवालदाराने थंडगार पाणी दिले होते. गलका मी ऐकला होता, वेडा आहे हे उत्तर मला पटले होते, आणि घोड्यावर बसेपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो. हवालदार माझ्यापुढे एवढा निर्धास्त का होता, ते आता कळले.

“मी होतो,” मी म्हणालो.

आबांच्या आधी तो कैदीच बोलला. त्याचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता.

“साहेब, तरीबी आमाला हितनं न्याल नव्हं?”

मी त्यांना नेले. त्याच रात्री सहाही जण बारामतीच्या कोठडीत होते, आणि माझ्या नावासकट ते वाक्य जबाबात होते. हवालदाराला शिक्षा झाली. मला ताकीद मिळाली आणि बढती अडली, ते योग्यच झाले.

पुढे बदलीच्या प्रत्येक गावी मी व्हिजिटरांना वेळ न कळवता यायला सांगे, शेरेबुक स्वतःच्या कुलपात ठेवी, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव त्यात येऊ देत नसे. सहकारी विचारत, आपली माणसे असताना बाहेरचा कशाला हवा? त्यांना मी हीच हकिकत सांगे. मी लाच घेत नव्हतो, कोणाला मारत नव्हतो, प्रामाणिक म्हणून माझे नाव होते. तरीही ते वाक्य मी गाळले. त्या दिवशी आबा समोर नसते, तर जबाब पूर्ण आहे अशी सही करून मी घरी गेलो असतो, आणि मला झोपही चांगली लागली असती.