खडूची रेघ आणि कात्री

देओलिंदाने चाळीस वर्षं पिलार गावातल्या पोरांचे गणवेश शिवले आणि साठी उलटल्यावर ती कॉम्प्युटर शिकली. आता दर एप्रिलात शाळेच्या हॉलमध्ये मेळावा भरतो, तिथे ती लोकांच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम फुकट बसवून देते. बाई हुशार, पण हट्टी. तिच्या टेबलापुढची रांग काही हलत नाही, आणि त्याला कारण तिचा नियम.

डिस्कचे भाग आखून झाले की ‘लिहा’चं बटण दाबायच्या आधी ती कीबोर्डवरून हात काढते. मालकाला तेरेरेचा, म्हणजे बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या चहाचा, गारेगार पेला देते आणि काय काय पुसलं जाणार त्याची पडद्यावरची यादी त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते. “तोवर सगळी खडूची रेघ, झटकली की गेली. बटण म्हणजे कात्री,” ती म्हणते. एकदा घाईत तिने सख्ख्या बहिणीच्या लग्नाचे फोटो पुसले होते. बहीण दोन वर्षं बोलली नाही.

यंदा हार्प शिकवणारे क्रिस्पुलोकाका आले. जुनी डिस्क जळाली म्हणून त्यांनी लॅपटॉपमध्ये कोरी बसवून आणली होती. त्यांच्या थोरल्या भावाने, तेओफिलोने, रचलेली आणि वाजवलेली सगळी गाणी आता एका बाहेरच्या डिस्कवर तेवढी उरली होती. लकव्यानंतर तेओफिलोची बोटं तारांवर चालेनात, म्हणजे ती गाणी पुन्हा वाजायची नव्हती.

देओलिंदा थर्मासात बर्फ भरायला गेली, तेवढ्यात, गाणी नंतर लॅपटॉपवर उतरवायचीच आहेत तर तिचा त्रास वाचावा, म्हणून काकांनी ती बाहेरची डिस्क लॅपटॉपच्या मागे जोडून ठेवली. परत आल्यावर तिने यादीतली पहिली डिस्क निवडली. तीही पाचशे जीबीचीच, आणि पहिली नेहमी लॅपटॉपचीच असते असं धरून तिने यादीत खाली पाहिलंच नाही. भाग आखून तिने पेला पुढे केला.

“मावशी, आमचे लॅपटॉप म्हातारे होतील तोवर,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“झालेच आहेत. म्हणून तर आणलेत.”

“अगं, तूच वाच की,” काका म्हणाले. “मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणूनच तुम्ही वाचा. मला हवं तेच दिसतं.”

काकांनी चष्मा चढवला. “पहिली डिस्क. पाचशे. पुसला जाणारा भाग...” ते अडखळले. “तेओफिलो.”

“काय?”

“तेओफिलो लिहिलंय. माझ्या पोरीने गाण्यांच्या डिस्कला हेच नाव दिलं होतं.”

देओलिंदा पुढे वाकली. तिने लॅपटॉपमागे पाहिलं. “ही कधी जोडलीत?”

“तू बर्फाला गेलीस तेव्हा. म्हटलं, तुझं काम हलकं होईल.”

“छान. भावालाच पुसायला निघालो होतो आपण दोघं.”

तिने आखलेलं सगळं रद्द केलं, वायर काढली आणि ती डिस्क एप्रनच्या खिशात टाकली. पुन्हा आखणी, पुन्हा पेला, पुन्हा वाचन. यादीत एकच डिस्क होती, कोरी. मग तिने बटण दाबलं.

तासाभराने तिने खिशातली डिस्क जोडली आणि हॉलमध्ये तेओफिलोची हार्प वाजू लागली. आभार काकांच्या ओठांवर आले. पण त्या भागात तेरेरेचा पेला परत देताना आभार मानले तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो, पुढचा पेला मिळत नाही. काकांनी आभार गिळले आणि रिकामा पेला पुढे केला. देओलिंदाने तो काठोकाठ भरला.