हिराच्या जागेवर बसलेली यमुनामावशी

भवानी झाल्याशिवाय यमुनामावशी कुणाला फोटो काढू द्यायची नाही. वेसाव्याच्या बंदरावर बर्फाच्या जुन्या गोदामांत चित्रांची दालनं निघाली, भिंती रंगल्या आणि रविवारी कॅमेरेवाली माणसं मासळीबाजारातही शिरू लागली. मावशी त्यांना सुनवायची, "आधी मासली घे, मंग माझा थोबाड घे." मीही अंधेरीहून चित्रंच बघायला गेले होते. बांगडे घेऊन परतले आणि मग दर रविवारी जात राहिले.

तिच्या शेजारी हिरा बसायची. दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं; त्याचं कारण दोघींनाही धड आठवत नसावं. तरी हिरा इस्पितळात गेली तेव्हा तिची मासळी मावशीनेच महिनाभर विकली. आजारी बाईची जागा शेजारणीने राखायची, भांडण असलं तरी, ही तिथली रीत.

हिरा अजून इस्पितळात असतानाच बाजार नव्याने बांधायचं ठरलं. मोजणीला जी बाई जागेवर दिसेल तिलाच नवा ओटा मिळणार होता. मोजणी नेमकी रविवारी होती, म्हणून मीही तिथे होते. त्या सकाळी बाजारात कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं. मोजणीचा माणूस रांगेने फोटो काढत आला आणि हिराच्या मासळीच्या पाटीपाशी थांबला. पाटीला ओटा मिळत नाही, बाई दाखवा, म्हणाला. त्याने मान खाली घालून यादीवर पेन टेकवलं.

मावशी उठली, हिराच्या जागेवर बसली आणि हिराचं नाव सांगितलं. फोटो निघाला.

पुढची जागा मावशीची, आता रिकामी. "ही कुणाची?" त्याने विचारलं. मावशीने थेट माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन बसावं असं तिला वाटतंय, हे मला कळलं, पण पकडले जाईन या भीतीने मी गेले नाही. त्याने रेघ मारली.

नव्या ओट्यावर आज हिरा बसते. मावशी बाहेर रस्त्याकडेला पाटी मांडते. हिराने अर्धा ओटा देऊ केला, पण मावशी अजून तिच्याशी बोलत नाही.

कित्येक महिने मला ती नजर छळत होती. शेवटी मी माफी मागितली, त्या दिवशी मी बसायला हवं होतं म्हणाले.

"तू कशाला बसशील? तुला साधी कोलंबी सोलता येत नाय."

"मग माझ्याकडे का बघितलंत?"

"तू शिकलेली बाय. खरं बोलून टाकशील, त्याची धास्ती होती."

त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, एवढंच माझ्या हातून बरं झालं.